गवताचा हिरू

रानशेत
२४ नोव्हेंबर २०१६

शितल,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण त्याआधी एवढी एक ओळ वाच. हिरू सुटून आलाय.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. पत्ता काळीमावशीने दिला. दिला म्हणजे काय, तीन दिवस तिच्या दारात जाऊन बसले, तेव्हा तू कामाला आहेस त्या नाशिकच्या दवाखान्याचा पत्ता असलेलं पाकीट तिने माझ्या अंगावर फेकलं. फोन नंबर मात्र मेले तरी देणार नाही म्हणाली. बरोबरच आहे तिचं. मी कोण? ज्याने तिच्या लेकीचं, तुझं, वाटोळं केलं त्याची बहीण.

सोमवारी आला. नोटा बंद झाल्यापासून इथे पुरुषांना दुसरं काम नाही, अख्खा पाडा कासाला बँकेच्या रांगेत उभा असतो. उपाशी पोटं, तापलेली डोकी, आणि पुढे काही सरकत नाही. नेमका हा तिथेच जीपमधून उतरला. माझा नवरा विनोद कासा-रानशेत जीप चालवतो, तो समोरच होता. त्याने पाहिलं ते लिहिते. आधी कुणी ओळखलं नाही, इतका वाळलाय. मग तुझ्या सुकऱ्यामामाने हात वर केला आणि बाबांचं नाव घेऊन ओरडला, "ह्यो तर लहान्याचा हिरू!"

संपलं. सकाळपासून कुणाच्याने न हललेली रांग एका हाकेत हलली. आधी चपला, मग छत्रीची दांडी, मग दगड. विनोद म्हणाला, मारणाऱ्यांत असे लोक होते ज्यांना हिरू कोण हेही माहीत नव्हतं. शेजारच्याला विचारत होते आणि मारत होते. जबडा मोडला. दोन दात मातीत पडले, ते कुणाच्या तरी पायाखाली गेले. हातातल्या पिशवीत जेलमधून मिळालेली चादर होती, ती फाडून तिच्याच पट्टीने त्याला खांबाला बांधलं. एक हवालदार आला तेव्हा मारणारे दमले होते. मग सगळे परत रांगेत जाऊन उभे राहिले. कोण कुणाच्या पुढे होतं, यावरून भांडले म्हणे.

सुकऱ्यामामा सारखा ओरडत होता, "माझ्या भाचीसाठी! माझ्या भाचीसाठी!" मला हसू आलं, शितल. वाईट हसू. हाच मामा २००९ ला तुझ्या अंगणात बसून म्हणाला होता ना, दोन बकरे आणि दारूचा दंड घ्या, पोरीला त्याच्याच घरात द्या आणि मिटवा? तेव्हा भाची महाग होती, तिच्यासाठी कोर्टकचेरी करावी लागणार होती. आता फुकट आहे. वरातीमागून घोडं.

पण मी कुठल्या तोंडाने बोलू? त्याच अंगणात मीही होते. नंतर तुझ्याकडे एकटी आले आणि म्हणाले, केस मागे घे. आश्रमशाळेत दहा वर्षं एका ताटात जेवलो आपण. तू दार लावून घेतलंस.

कोर्टात आत कुणाला सोडत नव्हते. बाहेरच्या बाकावर तू बसली होतीस आणि दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होतेस. मी सारखी त्या गुंडाळलेल्या हातांकडे बघत होते, कारण तोंडाकडे बघायची माझी टाप नव्हती. मग तुला आत बोलावलं. दोन महिन्यांनी मलाही बोलावलं, आणि बाबांनी शिकवलेलं मी बोलले. काय बोलले ते तुला वकिलाने सांगितलंच असेल.

तो दवाखान्यात आहे. मी बघायला गेले नाही.

कविता


रानशेत
१२ डिसेंबर २०१६

शितल,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं. तरी लिहिते. दुसऱ्या कुणाला लिहू?

त्याला दवाखान्यातून सोडलं आणि तो चालत बाबांच्या दारात आला. जबड्याला पट्टी, बोलता येत नाही. बाबा ओटीवर दोर वळत बसले होते. त्यांनी बघितलं, उठले, तोंड भिंतीकडे करून परत बसले आणि दोर वळायला लागले. तो तिथे तासभर उभा होता.

तुला ही गोष्ट माहीत नसेल, तू गेल्यावरची आहे. २०११ ला माझं विनोदशी जमत होतं. त्याच्या घरचे म्हणाले, पोरगी चांगली आहे, पण त्या घरातून नको, भाऊ तसल्या गुन्ह्यात आत आहे. मग भगताने वाट काढली. मेलेल्याचा डाग घराला लागत नाही, म्हणाला. हिरूचे दिवस घाला. जेलमधून कोण विचारायला येतंय?

बाबा तयार नव्हते. मी त्यांच्या मागे लागले. रडले, जेवण सोडलं, विहिरीची भीती घातली. शेवटी त्यांनी गवताचा माणूस केला. त्याला हिरूचा निळा शर्ट घातला, तो मीच ट्रंकेतून काढून दिला. बटणंही मीच लावली. नदीवर नेऊन जाळला, नंतर दिवस घातले, पाड्याला जेवण दिलं. सुकऱ्यामामाने दोनदा भात मागून घेतला. महिन्याने माझं लग्न झालं.

तेव्हा वाटलं, गवतच तर आहे.

परवा देवाच्या झाडाखाली पाडा बसला. विषय एकच, हिरूला राहू द्यायचं का. विनोद म्हणाला, "सात वर्षं शिक्षा भोगून आलाय, अजून काय करायचं त्याचं?" शाळेचे गुरुजी म्हणाले, कायद्याने त्याला कुठेही राहायचा हक्क आहे. त्यावर कुणीतरी म्हणालं, "मंग तुमच्या घरात ठेवा, गुरुजी." गुरुजी खाली बसले. त्यांना दोन मुली आहेत. एक म्हातारा म्हणाला, ओहोळापलीकडे राहू दे, पाण्याला इकडे येऊ नये म्हणजे झालं. असं वाटलं की जमेल काहीतरी.

मग चिमी उठली. आपली चिमी, वर्गात कधी हात वर न करणारी. तिला आता सहा वर्षांची पोर आहे. म्हणाली, "तो हितं राहिला तर मी पोरीला घेऊन विहिरीत उडी घालन. का ते इचारू नका." आणि माझ्याकडे बघितलं. मी पायाच्या नखाने माती उकरत बसले.

सुकऱ्यामामाने निकाल दिला. "ज्याचं दिवस घातलं त्यो पाड्यात कसा राहंल? मेलेला मानूस गावात फिरतो का? विषय खतम."

हिरू लांब बांधावर उभा राहून ऐकत होता. पोरांनी ढेकळं मारायला सुरुवात केली, मग मोठ्यांनी. एक कपाळाला लागलं, तो खाली बसला, परत उठला. बाबांनीही एक ढेकूळ उचललं. मारलं ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. पण उचललं, शितल. मी बघितलं.

तो गेला. तलासरीकडे गेला असं विनोद म्हणतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घरी येऊन भाकऱ्या थापल्या तर एक जास्तीची झाली.

कविता


रानशेत
६ ऑगस्ट २०१७

शितल,

तुला वाटलं असेल सुटली ही बया. नाही सुटले. ऐक.

तलासरीला हायवेवर एका पंक्चरच्या दुकानात तो कामाला लागला होता. दुकानाच्या मागेच झोपायचा. मालकाला काही माहीत नव्हतं. सहा महिने गेले. मग आपल्या पाड्यातला कुणीतरी वापीला कंपनीत जाताना तिथे चहाला थांबला आणि त्याने फोटो काढला. तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. खाली लिहिलं होतं, बलात्कारी इथे लपला आहे, आपल्या आयाबहिणींना सांभाळा. आणि त्याच्याखाली कुणावर केला तेही लिहिलं होतं. पूर्ण नाव, बापाचं नाव, पाडा.

फोटो त्याचा आणि नाव तुझं. सात वर्षं कोर्टाने जे नाव कागदावर येऊ दिलं नाही, ते तुझी बाजू घेणाऱ्यांनी एका दुपारीत गुजरातपर्यंत पोचवलं. विनोदच्या मोबाईलवर चार जणांकडून आलं. तुझ्यापर्यंत पोचलं नसलं तर बरं, पण पोचलंच असणार.

मोटारसायकलवरून पंधरावीस जण गेले. हिरू ट्रकचं मागचं चाक बसवत होता, उजवा हात खाली होता. एकाने जॅकची दांडी फिरवून सोडली. विनोद म्हणतो, दुकानदार अजून तो आवाज काढून दाखवतो. मग अडकलेला असतानाच त्याला लाथा मारल्या, तोंडाला ग्रीस फासलं आणि फोटो काढले. तोही फिरला. त्याच्याखाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

विनोद त्याला आणायला गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाई, मानस कामाला एकदम सारू होता. पन मला हायवेवर धंदो करायचाय." त्याचंही काय चुकलं?

हात मनगटापासून कापला. आता तो आमच्या शेतावर आहे, ओहोळाच्या वरच्या अंगाला, जिथे आपण खेकडे धरायचो तिथल्या खोपीत. पाड्यातून दिसत नाही. हे आम्ही दोघं सोडून कुणाला माहीत नाही. विनोदला मी म्हटलं होतं, आणू नकोस. तो म्हणाला, "कुत्रं असतं तरी आणलं असतं." माझ्या नवऱ्याचं मन मोठं आहे. माझं नाही.

मी भाकरी नेऊन देते. बोलत नाही. परवा बोलले. विचारलं, "तुला शितलचं कधी मनात येतं का?" मला वाटलं, रडेल. माझीच अक्कल. जबडा वाकडा करून म्हणाला, "तिनं माझी सात वर्सं खाल्ली." मी ताट उचलून ओहोळात फेकलं. दिवसभर उपाशी ठेवलं त्याला. दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तो सुधारलेला नाही. कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन. पण त्याला जगायला सुधारावं लागतं का? हे मी तुला विचारतेय. बाकी सगळे तुझ्या नावाने ठरवतायत, म्हणून म्हटलं तुलाच विचारावं. तू म्हणशील तर उद्या हाकलून देते.

कविता


रानशेत
४ फेब्रुवारी २०१८

शितल,

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून 'श' तसाच काढतेस. उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. तुझी वाक्यं मी इथे परत लिहिते, म्हणजे मला समजलीत का हे तुला कळेल.

तू लिहिलंस : "मला त्याची माफी नको आणि मरणही नको. तो कुठे आहे एवढंच मला माहीत हवं, म्हणजे त्या वाटेने मी जाणार नाही. बाकीच्या सगळ्या वाटा माझ्या. माझं नाव घेऊन कुणी काठी उचलायची नाही. मी कोर्टात उभी राहिले ते कोर्टाने शिक्षा द्यावी म्हणून. ती दिली. सुकऱ्यामामाला मी नेमलेलं नाही."

आणि शेवटी : "चिमीला सांग तो कुठे आहे. ती सभेत का बोलली ते मला कळलंय, तुलाही कळलंय. तिच्यापासून लपवू नकोस. पोर तिची आहे."

सांगते. शपथ. तिच्या घरी उद्या जाते.

तिला कसं सांगू, तेवढं फक्त सुचत नाहीये. ती लगेच बोंब मारेल. दोन दिवस जाऊ देत.

कविता


रानशेत
१९ फेब्रुवारी २०१८

शितल,

हिरू गेला. शनिवारी. पाड्यातल्या लोकांनी मारला.

मी घरी नव्हते, कासाला मिरच्या दळायला गेले होते. तो कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलं ते माहीत नाही. विनोदच्या डोक्याला लागलं, सहा टाके पडले, ठीक आहे. पोलीस येऊन गेले. तू काळजी करू नकोस, तुझं नाव कुठे येणार नाही.

कविता


रानशेत
२२ फेब्रुवारी २०१८

शितल,

मागचं पत्र फाडून टाक. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मिरच्या घरातच आहेत, दळलेल्या नाहीत.

मी चिमीला सांगितलं नाही. तू सांग म्हणालीस, मी शपथ घेतली, आणि दोन दिवसांचे दहा दिवस केले. तिची पोर शेळ्यांमागे ओहोळावर गेली. तिला कुणी अडवलंच नव्हतं, अडवायचं असतं हे तिच्या आईला कुठे माहीत होतं? हिरूने तिच्याकडे पाणी मागितलं. डब्यातून पाणी घेतलं, प्यायला, डबा परत दिला. एवढंच. मी पोरीला दहादा विचारलं, एवढंच झालं. ती घरी जाऊन म्हणाली, "आई, ओहोळावर एका हाताचा बाबा आहे, त्याला डाव्या हातानं पाणी पिता येत नाय."

चिमी माझ्या दारात आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "कविता, तू मला परत गप बसवलंस."

'परत' म्हणाली. आता ते सांगते. तुला कळलंय, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं. लिहू का म्हणून चिमीला विचारलं, ती लिही म्हणाली. तुझ्या आधी ती होती. त्याच वर्षी, भातं कापायच्या आधी. ती माझ्याकडे आली, कारण मी मैत्रीण होते आणि तो माझा भाऊ होता. मी तिला म्हणाले, बोभाटा करू नकोस, मी त्याला समजावते, नाहीतर तुझंही लग्न होणार नाही आणि माझंही. तिने ऐकलं. मी त्याला काही समजावलं नाही. दिवाळीनंतर तू खळ्यावर एकटी होतीस.

मी चिमीचं ऐकलं असतं, तर तुझा आणि त्याचा रस्ता कधी एक झाला नसता. हे मी नऊ वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. विनोदला काल सांगितलं. तो उठून बाहेर गेला.

चिमी गेल्यावर मी दोन कामं केली. एक, खोपीचं दार बाहेरून दोराने बांधलं, म्हणजे तो कुठे फिरणार नाही. बाबांनी वळलेला दोर होता. दुसरं, सुकऱ्यामामाकडे गेले. मला वाटलं, आता चिमीचं तरी ऐकल्यासारखं होईल. म्हटलं, "मामा, तो आमच्या खोपीत आहे. चार फटके द्या आणि गुजरातच्या हद्दीपलीकडे सोडून या. जीवे मारू नका."

मामा म्हणाला, "जीव कुठंय त्याला, पोरी? दिवस तुम्हीच घातलंत. मेलेल्याला मारलं तर खून होतो व्हय?"

आणि मी गप्प बसले. कारण त्याला जीव नाही हे मीच ठरवलं होतं, माझ्या लग्नासाठी. शर्टाची बटणं मी लावली होती.

भर दुपारी गेले. तीसेक माणसं, सातआठ बाया. कोयते, कुऱ्हाडी, कुणाकडे नुसता दगड. कुणी दारू प्यायलेलं नव्हतं, हे लिहून ठेव, उद्या सगळे म्हणतील नशेत झालं. मी मागे होते. आवाज आल्यावर त्याने दार ढकललं. दोर ताणला गेला, दार उघडेना. त्याला माझा आवाज आला असेल, कारण मी विनोदला हाका मारत होते. आतून म्हणाला, "कविता, दोर सोड." दोनदा म्हणाला. माझ्या आणि दाराच्या मध्ये पाडा होता. मी धावले असते तर पोचले असते की नाही, माहीत नाही. मी धावले नाही.

दार कुणी उघडलंच नाही. कारवीच्या काठ्यांच्या भिंतीला काय लागतं, कुऱ्हाडीचे चार घाव घातले आणि भिंतीतून त्याला ओढून काढला. विनोद मध्ये पडला, त्याच्या डोक्यात काठी बसली. हिरूने एका हाताने डोकं झाकलं. दुसरा हात नव्हता तो वर उचलला, सवयीने. पहिला घाव मामाने घातला, "शितलसाठी" म्हणाला. मग तेच चालू झालं. प्रत्येक जण पुढे यायचा, तुझं नाव घ्यायचा आणि मारायचा. "शितलसाठी." बायासुद्धा. देवाला नारळ फोडताना म्हणतात तसं. कोयत्याचा घाव मानेवर बसला तरी तो लगेच गेला नाही. पाय हलत होते. कुणीतरी म्हणालं, बघा, भूत मरत नाय, आणि काही जण हसले.

बाबा आले होते. बांधावर बसले, पाठ करून. हिरूला ते दिसले. "बाबा," म्हणाला. जबडा मोडल्यापासून त्याला ते नीट म्हणता यायचं नाही, पण कळलं सगळ्यांना. बाबांनी मान वळवली नाही. मग मी ओरडले. "दादा!" म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्याने ऐकलं की नाही देव जाणे. त्यानंतर पाय थांबले.

चिमी आली नव्हती. तिने हे मागितलं नव्हतं. तू मागितलं नव्हतंस. ज्यांचं काही गेलं होतं त्या दोघी सोडून सगळे हजर होते. मला तुझ्या मामावर, त्या भगतावर, बाबांवर थुंकावंसं वाटतं आणि प्रत्येक वेळी थुंकी माझ्याच तोंडावर येते.

दवाखान्यातून प्रेत विनोदने जीपमधून आणलं. पाड्याने खांदा दिला नाही. मी बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "एका मानसाला दोनदा जाळत नाय." मग मी, विनोद आणि त्याचा एक जीपवाला मित्र, तिघांनी नदीवर नेला. चौथा खांदा कुणाचा, असा प्रश्न होता. काळीमावशी आली. तुझी आई, शितल. माझ्याकडे बघितलं नाही, बोलली नाही. बांबूचं चौथं टोक उचललं, नदीपर्यंत आली आणि लाकूड न टाकता परत गेली. का आली, तू तिला विचार. मला विचारायची हिंमत नाही.

पोलीस घरोघर फिरले. सगळ्यांचा जबाब एकच. "हिरू? लहान्याचा हिरू तर २०११ ला मेला साहेब. दिवसबी घातलं. आमी जेवलोय. ह्यो कोन कुठला चोर आला आसंल, आमाला म्हाईत नाय." बाबांनीही तोच दिला, अंगठा उठवला. शब्दाला शब्द सारखा. असा एकोपा आपल्या पाड्यात पाण्याच्या टाकीसाठीसुद्धा झाला नव्हता. साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, डोकं दुखतंय, नंतर सांगते.

काल मामा येऊन बसला. चहा प्यायला. म्हणाला, "पोरी, तूबी तेच सांग. नाय सांगितलं तर गवताला काय तोटा नाय पाड्यात." हळूच म्हणाला, समजावल्यासारखं. जाताना कप धुऊन ठेवला.

मी उद्या कासाला पोलीस ठाण्यात जाणार आहे. तो शनिवारी मेला, २०११ ला नाही, हे सांगणार आहे. कुणी मारलं ते नावानिशी सांगणार आहे, दोर कुणी बांधला तेही सांगणार आहे, आणि २०१० ला कोर्टात 'माझा भाऊ त्या दुपारी माझ्याबरोबर होता' असं सांगितलं ते खोटं होतं हेही सांगणार आहे. विनोद म्हणतो, पाड्यात राहता येणार नाही. म्हणतो तरी जीप धुऊन ठेवलीय त्याने, सकाळी सोडतो म्हणालाय.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तू लिहिलंयस, तुला माफ्या नकोत. मला फक्त एक विचारायचं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. अख्खा पाडा एका बाजूला असताना तू एकटी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी राहिलीस. मीही त्याच पिंजऱ्यात उभी राहिले होते, पण खोटं बोलायला. तेव्हा माझे हात कुठे होते ते मला आठवतच नाही. उद्या साहेबांसमोर ते कुठे ठेवायचे तेही कळत नाही.

तू आत गेलीस तेव्हा ओढणी सोडलीस ना? मग हात कुठे ठेवले होतेस, शितल?

कविता